वनजिल्ह्यांतील वाहने आणि डिफरन्शियलचे तेल

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या विकासाचा विचार करताना अंतराचा विचार टाळता येत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे पावणेअकरा लाख होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सरासरी ७४ माणसे. दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाने व्यापलेला आहे. अशा मुलखात शासनाची कोणतीही सेवा गावापर्यंत पोहोचते ती बहुधा चाकांवरूनच. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, धान्य वाहून नेणारी मालमोटार, वन विभागाची जीप, शाळांना भेटी देणाऱ्या अधिकाऱ्याचे वाहन आणि ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर ही येथे चैनीची साधने नाहीत. त्यांपैकी एखादे आलापल्ली-भामरागड रस्त्यावर रात्री बंद पडले, तर त्याची किंमत केवळ दुरुस्तीच्या देयकात मोजता येत नाही.

वाहनाची निगा राखावी हे सर्वांना मान्य असते. इंजिनचे तेल, रेडिएटरमधील पाणी आणि टायरमधील हवा यांकडे चालक नियमाने पाहतो. परंतु मागच्या आसाच्या मध्यभागी असलेल्या गोल, फुगीर डब्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा डबा म्हणजे डिफरन्शियल. त्यात किती तेल आहे, हे दाखविणारा काटा समोरच्या फलकावर नसतो. ते आटले किंवा खराब झाले तरी इशाऱ्याचा दिवा लागत नाही. दोष कळतो तो आवाजाने, आणि आवाज येऊ लागला म्हणजे दातांची झीज बहुधा होऊन गेलेली असते. म्हणून या वंगणाची निवड कशी करावी, ते केव्हा व कसे बदलावे आणि आपल्या भागात त्याबाबत कोणती विशेष दक्षता घ्यावी, याचा येथे विचार केला आहे.

डिफरन्शियलचे कार्य

बैलबंडीची दोन्ही चाके एकाच आसावर असली तरी ती परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक अधिक आणि आतले चाक कमी फिरले तरी काही बिघडत नाही. बंडी बैल ओढतात. चाकांना आसाकडून गती द्यावी लागत नाही. मोटारीचे तसे नाही. तेथे इंजिनची शक्ती आसामार्फतच चाकांना द्यावी लागते. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असलेली गाडी काटकोनात वळली, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.२ मीटर अधिक अंतर कापते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडलेली असती, तर प्रत्येक वळणावर एक चाक रस्त्यावर घासत गेले असते. वर्तुळाच्या परिघाचा हा हिशेब माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही मांडू शकतील.

डिफरन्शियल तीन कामे करते. इंजिनकडून लांब दांड्यावाटे आलेली गती ते काटकोनात वळवून चाकांकडे नेते. ती गती सुमारे एकचतुर्थांश करून त्या प्रमाणात ओढ वाढविते. शिवाय दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीक देते. लहान दंतचक्राला कारागीर 'पिनियन' आणि मोठ्या कंकणाकृती चक्राला 'क्राऊन' म्हणतात. सर्व ओढ या दोन चक्रांच्या मोजक्या दातांवरून जाते.

आजच्या बहुतेक वाहनांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसविलेले असते. या रचनेला हायपॉइड म्हणतात. ती १९२० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली. त्यामुळे लांब दांडा खाली आला, गाडीचा तळ खाली घेता आला आणि आवाजही कमी झाला. पण एक अडचण उत्पन्न झाली. या रचनेत दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, तर दाबाखाली लांबवर घसरतात. साध्या खनिज तेलाचा थर अशा वेळी तुटतो आणि धातू धातूला भिडतो. म्हणून गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळलेली तेले तयार करण्यात आली. दातांवर उष्णता वाढली की ही संयुगे पोलादाच्या पृष्ठभागावर एक पातळ रासायनिक थर निर्माण करतात आणि तोच थर दातांचे रक्षण करतो. गिअर ऑइलचा डबा उघडताच जो उग्र वास येतो, तो या गंधकाच्या संयुगांचा असतो.

इंजिनप्रमाणे येथे तेल खेळविणारा पंप नसतो. क्राऊन खालच्या तेलात बुडून फिरते आणि तेल उडवून सर्व भागांना भिजविते. म्हणून तेलाची पातळी योग्य असणे अत्यावश्यक ठरते. तेल गाळण्याची गाळणीही बहुतेक वाहनांत नसते. झिजलेल्या धातूचा चुरा त्याच तेलात फिरत राहतो. तेल काळेभोर दिसत नाही म्हणून ते चांगले आहे, असे मानता येत नाही.

तेलाची निवड

डब्यावरील दोन खुणा वाचता आल्या तर निवडीचे काम सोपे होते. पहिली खूण दाटपणाची, दुसरी गुणवत्तेच्या वर्गाची.

दाटपणा एसएई क्रमांकाने दर्शविला जातो. गॅरेजमध्ये 'नव्वद नंबर' किंवा 'एकशे चाळीस नंबर' असे म्हणतात ते हेच. ८०डब्ल्यू-९० या लेखनातील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणाचा आणि दुसरा १०० अंश सेल्सियस तापमानावरील दाटपणाचा निदर्शक होय. ८०डब्ल्यू वर्गाच्या तेलाची थंडीतील कसोटी उणे २६ अंशांवर घेतली जाते. आपल्या भागात अशी थंडी कधीच पडत नाही. येथे महत्त्व दुसऱ्या आकड्याला आहे, कारण चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४७ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद आहे. नव्वद नंबरचे तेल इंजिनच्या चाळीस नंबरच्या तेलापेक्षा दुपटीहून दाट असते, असा एक सर्वसाधारण गैरसमज आहे. वस्तुतः या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. गिअर ऑइलमधील नव्वद नंबर हा इंजिन ऑइलमधील चाळीस ते पन्नास नंबरच्या जवळपास येतो.

उन्हाळा कडक आहे एवढ्यावरून सरसकट एकशे चाळीस नंबरचे तेल घालणेही योग्य नव्हे. अवजड मालमोटारींच्या काही आसांसाठी उत्पादक ८५डब्ल्यू-१४० सांगतात. तेथे तेच घालावे. हलक्या वाहनात अकारण दाट तेल घातल्यास ते घुसळण्यात शक्ती व इंधन खर्च होते आणि बेअरिंगपर्यंत तेल लवकर पोहोचत नाही. उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण मानावा.

दुसरी खूण जीएल-४ किंवा जीएल-५ अशी असते. हायपॉइड डिफरन्शियलसाठी सामान्यतः जीएल-५ वर्गाचे तेल लागते. त्यात दातांचे रक्षण करणाऱ्या संयुगांचे प्रमाण जीएल-४ च्या मानाने बरेच अधिक असते. 'पाच हा चारपेक्षा मोठा, म्हणून सर्वत्र पाच घालावे' असा निष्कर्ष मात्र काढू नये. अनेक गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात. काही जीएल-५ तेलांतील गंधकाची संयुगे तांबे व पितळ यांना अपाय करतात. त्यामुळे गिअरबॉक्सचे तेल गिअरबॉक्सच्या सूचनेप्रमाणे आणि डिफरन्शियलचे डिफरन्शियलच्या सूचनेप्रमाणे घ्यावे. एकच पिंप आणून दोन्हीकडे वापरण्याची पद्धत स्वस्त वाटली तरी परवडणारी नसते.

तीन अपवाद लक्षात ठेवावेत. पहिला, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत असते. तेथे वेगळे तेल नसते आणि गिअरबॉक्सचेच तेल वापरावे लागते. दुसरा, एक चाक निसटू न देणाऱ्या विशेष प्रकारच्या डिफरन्शियलमध्ये घर्षण-चकत्या असल्यास त्यांच्यासाठी वेगळे मिश्रण सांगितलेले असते. तिसरा आणि ग्रामपंचायतींच्या दृष्टीने महत्त्वाचा अपवाद ट्रॅक्टरचा आहे. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक उचल आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल असते. तेथे ट्रॅक्टरसाठी नेमून दिलेले तेलच वापरावे. मोटारीचे जीएल-५ तेल घातल्यास ब्रेक बिघडण्याचा संभव असतो.

खरेदीच्या मागणीपत्रात नुसते 'गिअर ऑइल' असे न लिहिता दाटपणाचा क्रमांक, वर्ग, लिटर आणि वाहनाचा प्रकार स्पष्ट लिहावा. मोहोरबंद डबाच घ्यावा आणि त्यावरील उत्पादन-तुकडीचा क्रमांक नोंदवून ठेवावा. सुटे तेल स्वस्त मिळते; पण त्यात काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

पाणी : या भागातील खरा शत्रू

तेल किती किलोमीटरनंतर बदलावे, याचा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. तो वाहनागणिक वेगळा असतो आणि धूळ, ओझे व पाणी यांच्या बिकट वापरासाठी कमी अंतर सांगितलेले असते. आपल्या भागातील बहुतेक वाहने याच दुसऱ्या रकान्यात मोडतात. तथापि वनजिल्ह्यांत केवळ किलोमीटर मोजून भागत नाही. येथे तेलाचे आयुष्य पाणी ठरविते.

वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ ती गोदावरीस मिळते. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हा अनुभव तेथील लोकांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. मोठ्या नद्यांइतकेच लहान नालेही पावसाळ्यात रस्ता अडवितात. वाहून जाणाऱ्या पुलावरून वाहन घालणे सर्वथा वर्ज्यच होय. पण पूर ओसरल्यावरही गुडघाभर पाण्यातून कर्तव्यासाठी जावे लागते, आणि हानी होते ती येथे.

ती कशी होते, हे भौतिकशास्त्राच्या साध्या नियमाने समजते. वीस-पंचवीस किलोमीटर चालून आलेल्या वाहनाचे डिफरन्शियल चांगलेच तापलेले असते. त्यातील हवाही तापून प्रसरण पावलेली असते. ती बाहेर पडावी म्हणून डब्याच्या वर एक लहान श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, बसविलेला असतो. हा तापलेला डबा एकाएकी थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते आणि बाहेरून हवा ओढू लागते. ब्रीदर पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणी आत जाते. तो चिखलाने बुजलेला असेल, तर पाणी ऑइल सीलच्या कडांवाटे शिरते.

आत गेलेले पाणी दातांच्या घुसळणीने तेलात मिसळते आणि तेल ताकासारखे किंवा दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसू लागते. अशा तेलाचा थर दाब सहन करीत नाही. बेअरिंगवर गंज चढतो, दातांवर बारीक खळगे पडतात आणि दिवाळीच्या सुमारास गाडी गुणगुणू लागते. ऑगस्टमध्ये ओलांडलेल्या नाल्याची आठवण तेव्हा कोणालाच नसते.

पाणी गेले आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. पाण्यातून आलेले वाहन रात्रभर सपाट जागी उभे ठेवावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने न मिसळलेले पाणी तळाशी जमते. सकाळी वाहन सुरू करण्यापूर्वी खालचा प्लग किंचित सैल करून काही थेंब स्वच्छ भांड्यात घ्यावेत. प्रथम पाणी आले, किंवा तेल दुधाळ दिसले, तर किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, तेल बदलावेच. खाली प्लग नसल्यास बाजूच्या प्लगमधून थोडे तेल काढून त्याचा रंग पाहावा.

प्रतिबंधाचा उपायही फार खर्चाचा नाही. ब्रीदरला योग्य मापाची रबरी नळी जोडून तिचे तोंड वर, सांगाड्याच्या उंचीपर्यंत नेता येते. चारही चाकांना गती देणाऱ्या अनेक वाहनांत उत्पादकच तशी सोय करतात. नेहमी नाले ओलांडणाऱ्या वाहनांसाठी अधिकृत कार्यशाळेकडून ही व्यवस्था करून घेणे हिताचे ठरेल. अशा वाहनांना पुढेही एक डिफरन्शियल आणि मध्ये शक्ती वाटणारी वेगळी पेटी असते, हे विसरू नये. एकाच ठिकाणचे तेल तपासून काम पुरे होत नाही.

धानाच्या बांधीत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरलाही हेच लागू पडते. तेथे आणखी एक धोका आहे. एक चाक चिखलात रुतून गरगर फिरू लागले की डिफरन्शियलच्या रचनेमुळे दुसरे चाक जागचे हलत नाही. मोटारीचा वेगमापक ताशी ३० किलोमीटर दाखवीत असेल, तर ते मोकळे चाक प्रत्यक्षात ६० च्या गतीने फिरत असते. आतील लहान दंतचक्रे इतक्या गतीने सतत फिरण्यासाठी केलेली नसतात. ती तापतात आणि तेलाचा थर तुटून चरे पडतात. म्हणून रुतलेली गाडी इंजिनचा जोर वाढवून काढण्याचा प्रयत्न करू नये. चाकाखाली दगड किंवा फांद्या द्याव्यात. ट्रॅक्टरला डिफरन्शियल जखडण्याची सोय असल्यास चाक थांबवून ती वापरावी आणि वळण्यापूर्वी सोडावी.

तेल बदलण्याची रीत

१. वाहन काही किलोमीटर चालवून तेल कोमट करावे. फार तापलेले तेल अंगावर उडाल्यास भाजते.

२. वाहन सपाट जमिनीवर उभे करून चाकांना पुढे-मागे दगड किंवा ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. भक्कम घोडीचा आधार द्यावा. गाडी एका बाजूने उचललेली असता पातळी बरोबर कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

३. प्लगभोवतीचा चिखल खरवडून, पुसून घ्यावा. नंतर तेल भरण्याचा वरचा प्लग आधी उघडावा. खालचा आधी उघडून सारे तेल काढले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर वाहन जागीच अडकून पडते.

४. खालचा प्लग काढून तेल रुंद तोंडाच्या भांड्यात पूर्ण निथळू द्यावे. काही आसांना खालचा प्लग नसतो. तेथे मागचे झाकण काढावे लागते किंवा पिचकारीने तेल ओढून घ्यावे लागते.

५. निघालेले तेल व प्लग नीट पाहावा. प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडल्यास तेल बदलून भागणार नाही. वाहन कार्यशाळेत पाठवावे.

६. आतून धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरू नये. त्याचा शिल्लक अंश नवे तेल पातळ करतो. पाणी गेलेले असल्यास त्याच जातीचे थोडे तेल भरून, वाहन थोडे अंतर चालवून ते काढून टाकावे व पुन्हा नवे भरावे.

७. खालच्या प्लगला नवे वॉशर लावून तो योग्य जोराने बसवावा. पुस्तिकेत वेगळी पातळी सांगितलेली नसल्यास वरच्या छिद्राच्या काठापर्यंत तेल येईल इतके भरावे. हलक्या वाहनाला साधारण एक ते दोन लिटर तेल लागते. जास्त भरल्यास ते ऑइल सील ओलांडून मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये जाऊ शकते, आणि तेलाने भिजलेले ब्रेक वेळेवर लागत नाहीत.

८. ब्रीदर काढून, स्वच्छ करून बसवावा. दुसऱ्या दिवशी प्लग व सील यांच्याजवळ गळती आहे का, ते पाहावे.

काढलेले तेल

कार्यशाळेच्या मागे जमिनीवर तेल ओतण्याची सवय मोडली पाहिजे. पहिल्याच पावसात ते नाल्यात जाते, आणि अनेक गावांत तोच नाला गुरांचा व माणसांचा पाणवठा असतो. वाळवीसाठी लाकडाला जळके तेल चोपडण्याची प्रथाही याच कारणाने टाळावी. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे गेले पाहिजे. तालुक्यातील कार्यालयांनी ते झाकणाच्या पिंपात, पाण्यापासून दूर साठवून एकत्रितपणे देण्याची व्यवस्था करणे सोयीचे होईल. ब्रेक ऑइल किंवा रॉकेल त्यात मिसळू नये.

नोंद आणि जबाबदारी

वाहनाच्या लॉगबुकात इंधन व अंतर लिहिले जाते. त्यात आणखी दोन गोष्टींची भर घालावी : डिफरन्शियलचे तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर व तेलाचा प्रकार, आणि आसापर्यंतच्या पाण्यातून वाहन गेल्याची नोंद. दुसरी नोंद चालकाने निर्भयपणे करावी, असे वातावरण कार्यालय प्रमुखाने ठेवले पाहिजे. पाण्यातून गाडी घातल्याबद्दल जाब विचारला जाईल या भीतीने चालक गप्प राहिला, तर तेल वेळेवर बदलले जाणार नाही आणि नुकसान शासनाचेच होईल.

वर्षातून दोन तपासण्या ठरवून टाकाव्यात. एक मृगापूर्वी : पातळी, सील आणि ब्रीदर यांची. दुसरी दसऱ्यानंतर : तेलात पाणी शिरले आहे का, याची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिक शाखेच्या प्रशिक्षणार्थींना या तपासण्यांत शिक्षकांच्या देखरेखीखाली सहभागी करून घेतल्यास त्यांना प्रत्यक्ष अनुभव मिळेल आणि दूरच्या केंद्रांना मदत होईल. पंचायत समितीच्या बैठकीत वाहन-दुरुस्तीचा खर्च मंजुरीसाठी येतो, तेव्हा सदस्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : मागच्या वेळी तेल केव्हा बदलले होते?

तेलाचा खर्च काही शे रुपयांचा असतो. क्राऊन-पिनियनची जोडी बदलण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो आणि तितके दिवस वाहन उभे राहते. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. पण हाक आल्यावर निघणारे वाहन अखेर त्याच नाल्यांतून आणि त्याच रस्त्यांवरून जाणार असते. एटापल्ली किंवा कोरचीच्या आतल्या गावाहून प्रसूतीसाठी निघालेल्या मातेला डिफरन्शियल हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. तो ज्यांना ठाऊक असला पाहिजे, त्यांनी मृगापूर्वीची एक सकाळ या कामासाठी राखून ठेवावी.